ओतिलियाची लंगडी

“थांबा, थांबा. पुरे, बाई.”

ओतिलियाला ऐकू आलं होतं. पण तीन पेटते टेंभे हवेत असताना ‘थांबा’ म्हटल्याबरोबर कोणी थांबत नाही. आधी झेलायचं आणि मग थांबायचं. तिने दोन उजव्या हातात झेलले, एक डाव्यात, आणि टेबलामागे बसलेल्या बाईकडे पाहिलं.

शाळेच्या व्यायामशाळेत निवड चालली होती. राजधानीहून आलेली आंतोनिया नावाची बाई पुएर्तो मोंत या त्यांच्याच बंदरगावातल्या महोत्सवासाठी कलाकार निवडत होती. गळ्यात लांबलचक मफलर, बोलणं गोड. अशा बाया नाही म्हणतात तेव्हा आधी कौतुक करतात, हे ओतिलियाला अनुभवाने माहीत होतं.

“हात छान बसलाय तुमचा,” आंतोनिया म्हणाली. “पण हे आमच्याकडे आधीच आहे. बास्तियानची लाट आहे ही.”

“कुणाची काय?”

“बास्तियान मान्सियाची लाट. डावा टेंभा खालून जातो, गुडघा वाकतो, मग खांदा वर येतो. त्याने शोधून काढलेली चाल आहे. युरोपात शिकवून आलाय तो. आम्हाला असं काहीतरी हवंय जे तुमचं आहे. अगदी तुमचं स्वतःचं.”

“हे माझंच आहे. त्याला दात यायच्या आधीपासून करतेय मी.”

“असेल ना,” आंतोनिया म्हणाली. “पण त्याचे व्हिडिओ आहेत. तुमचा एखादा जुना व्हिडिओ आहे का?”

ओतिलियाच्या फोनमध्ये मैत्रीण एलियानाच्या मांजरीचे फोटो होते आणि एक पावसाळी छतगळतीचा, घरमालकाला दाखवायला काढलेला.

“असं करू या का,” आंतोनिया म्हणाली, “शेवटच्या दिवशी तुम्ही नाट्यगृहाच्या दारात उभ्या राहा. साधे टेंभे फिरवायचे. लोकांचं स्वागत होईल.”

“दारात उभं करायला कुत्रा पाळा,” ओतिलिया म्हणाली आणि तिने टेंभे ओल्या गोणपाटात दाबले. चर्र आवाज झाला आणि व्यायामशाळाभर रॉकेलचा वास सुटला. खिडक्या उघडायला कोणीतरी धावलं. तोवर ती बाहेर पडली होती.

तोंडावर असं बोलून बाहेर पडणं सोपं असतं. कठीण असतो तो त्यानंतरचा रस्ता. समुद्राकडून आडवा पाऊस येत होता, डाव्या बगलेत गोणपाटाची वळकटी होती आणि पन्नाशी उलटलेली ओतिलिया कार्कामो मनातल्या मनात रडत चालली होती. उघड रडली असती तरी त्या पावसात कोणाला कळलं नसतं म्हणा. तिला त्या नाट्यगृहात जायचं होतं. एकदाच, छपराखाली, लाकडी रंगमंचावर, आणि आधी कोणीतरी तिचं नाव पुकारलेलं असायला हवं होतं. एवढीच एक हौस तिने आयुष्यात बाळगली होती, आणि ती तिच्या बापामुळे.

बापाची फाटकी सर्कस होती. दक्षिणेच्या गावागावांतून हिंडायची. ओतिलिया एकोणिसाव्या वर्षी त्या रिंगणात टेंभे झेलायची. सरळ, उंच, घड्याळासारखे. एका संध्याकाळी घाईत तिने टेंभे बुडवले ते रॉकेलच्या डब्यात नाहीत, जनित्राच्या पेट्रोलच्या डब्यात. दोन्ही डबे सारखेच, दोन्हींवरचा रंग उडालेला. ज्याने आगीशी संसार केलाय त्याच्या हातून ही चूक एकदा तरी होतेच. फरक एवढाच की काहींचे केस जातात आणि काहींचा हात. तिच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं आत वळली ती कायमची. दवाखान्यातून घरी आल्यावर बाप म्हणाला, “आता तू तिकिटं फाड. माझ्या रिंगणात वाकडी फेक चालणार नाही.”

तिने तिकिटं फाडली नाहीत. सर्कस सोडली आणि रस्त्यावर आली. डावा हात टेंभा उंच फेकू शकत नव्हता. तो खालून, कोपराखालून निसटायचा. त्याला गाठायला गुडघा वाकवावा लागायचा, आणि वाकलेली उठताना खांदा आपोआप वर यायचा. आधी ते बघवत नसे. पुढे वर्षामागून वर्षं गेली आणि त्या वाकण्याला एक लय आली. वाटायचं, बाई चालत चालत कोणाच्या तरी पाया पडतेय आणि पडता पडता विचार बदलतेय. बस स्थानकासमोरच्या सिग्नलवरचे सगळे त्याला ‘लंगडी’ म्हणायचे. ते नाव एलियानाने ठेवलं होतं.

एलियाना त्याच कोपऱ्यावर भोपळ्याच्या पुऱ्यांची गाडी लावायची. तिच्या पुऱ्या गरम आणि जीभ त्याहून गरम.

“काय झालं गं? घेतलं का?” तिने लांबूनच विचारलं.

“नाही. म्हणे हे बास्तियानचं आहे.”

एलियानाच्या हातातला झारा तसाच राहिला. “चोराच्या उलट्या बोंबा! आणि तू काय केलंस? त्या टेबलाला आग नाही लावलीस?”

“लावणार होते. शाळेचं टेबल होतं.”

“तू म्हणजे ना,” एलियाना म्हणाली आणि तिने कागदावर दोन पुऱ्या ठेवून, वर मिरचीची चटणी घालून पुढे सरकवल्या. “खा आधी. रडायचं असेल तर चटणीचं निमित्त आहे.”

या सिग्नलची एक रीत होती. तांबडा दिवा लागला की ज्याची पाळी तो रस्त्याच्या मध्यात जाणार, बाकीचे न पेटवलेले टेंभे मांडीवर घेऊन फूटपाथच्या कडेला बसणार. हिरवा लागला की गाड्या निघतात, पण सगळे टेंभे विझवायचे नाहीत. एक पेटता ठेवायचा. कोणी नवा माणूस आला तर त्याने काडेपेटी काढायची नाही. त्या एका टेंभ्यावरून आग मागायची. दिली, तर सिग्नल त्याचाही झाला. नाही दिली, तर निमूटपणे पुढचा चौक बघायचा. आणि ज्याच्याकडून आग घेतली त्याची चाल त्याला विचारल्याशिवाय करायची नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण दक्षिणेत वाल्दिव्हियापासून कास्त्रोपर्यंतच्या गावांतल्या आगवाल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

काही वर्षांपूर्वी बास्तियानने अशीच आग मागितली होती. लांब मानेचा, भिजलेला, उपाशी मुलगा. ओतिलियाने दिली. अख्खा हिवाळा तो कडेला बसून तिच्याकडे बघत राहिला. कधी कधी फोन समोर धरायचा. “मावशी, आठवण म्हणून,” म्हणायचा. वसंतात तो उत्तरेला गेला. जाताना त्याने तिला मिठी मारली होती आणि एलियानाचे पुऱ्यांचे पैसे बुडवले होते. एलियानाला दुसरी गोष्ट जास्त लक्षात होती.

त्यानंतरचा आठवडा ओतिलियाने ‘स्वतःचं काहीतरी’ शोधण्यात घालवला. आंतोनियाचं वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. तिने पाच टेंभे घेऊन पाहिले. त्यातला एक मासळीच्या ट्रकवर पडला आणि ड्रायव्हरने तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हनुवटीवर टेंभा तोलून पाहिला. टोपीची कड जळाली. शेवटी एका लाल दिव्याला ती पाठमोरी उभी राहून झेलायला गेली, तेव्हा एलियाना गाडी सोडून रस्त्यात आली आणि तिला दंडाला धरून बाजूला घेऊन गेली.

“म्हातारपणी माकडचेष्टा करायची हौस आली का तुला?”

“नवीन हवंय ना त्यांना.”

“अगं, नवीन तर तूच होतीस! लोक अजून बघतात ते काय उगाच? आता स्वतःचंच सोडून दुसऱ्याचं उसनं आणणार?”

एलियानाचं बरोबर होतं, पण बरोबर असलेल्या माणसाला लगेच बरोबर म्हणायचं नसतं, नाहीतर तो दिवसभर ऐकवतो.

महोत्सवाच्या शेवटच्या दिवशी दुपारी बास्तियान स्वतःच कोपऱ्यावर आला. अंगात चांगलं जाड जाकीट, दाढी कोरलेली. फूटपाथच्या कडेला बसला नाही. उभाच राहिला.

“मावशी.”

“आलास होय,” एलियाना मध्येच म्हणाली. “पुऱ्यांचे पैसे आणलेस?”

त्याने खरंच नोट काढून दिली. एलियानाला ते आवडलं नाही. तिला भांडायचं होतं.

“निवडीत काय झालं ते कळलं,” तो ओतिलियाला म्हणाला. “मला वाईट वाटलं.”

“तू सांगायचं होतंस त्यांना. लाट कुठून आली ते.”

“सांगणार काय? खरं सांगू का, मावशी? राग नको धरूस. तुझी ती अडचण होती. तुझा हात तसा आहे, म्हणून टेंभा तसा जातो. तुला दुसरं जमतच नाही. माझे दोन्ही हात धड आहेत. मला सगळं जमतं, तरी मी ते निवडतो. म्हणून ती कला झाली.”

त्याने हे उद्धटपणे म्हटलं नव्हतं. त्याला मनापासून तसंच वाटत होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. ओतिलिया आपल्या आत वळलेल्या बोटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मग तुझ्या धड हाताला माझं दुखणं कशाला लागतं रे?”

बास्तियानने विषयच बदलला. “संध्याकाळी माझ्याबरोबर ये रंगमंचावर. मी न पेटवलेले टेंभे घेऊन तुझ्याकडे येईन. तुझ्याकडून आग मागेन, सगळ्यांसमोर. तू द्यायचीस आणि आत जायचंस. रीतही पाळली जाईल.”

“माझं नाव घेतील?”

“घेतील की. मी सांगून ठेवतो.”

तो गेल्यावर एलियानाने झारा कढईवर आपटला. “जाऊ नकोस. सगळ्यांसमोर आग दिलीस की चालीला परवानगी दिल्यासारखंच, मग ती त्याचीच झाली. लग्नाच्या जेवणाला बोलावून घर नावावर करून घेतोय तो.”

“मला कळतं ते.”

“मग?”

“छप्पर आहे गं तिथे,” ओतिलिया म्हणाली. एलियानाने तळणाचा वास लागलेला आपला ठेवणीतला लाल कोट गाडीखालच्या पिशवीतून काढला आणि मैत्रिणीच्या अंगावर चढवला.

नाट्यगृह भरलं होतं. खाली तिकीटवाले, वर गॅलरीत फुकट पासावर आलेले रस्त्यावरचे झेलकरी, एकचाकीवाले आणि एलियाना. पडद्याआड अग्निशमन दलाचा एक माणूस ओलं कांबळं घेऊन उभा होता. ओतिलिया आपला एक पेटता टेंभा उजव्या हातात आणि दोन विझलेले डाव्या बगलेत धरून अंधारात थांबली होती. तिने मनाची तयारी केली होती. आग द्यायची, नाव ऐकायचं आणि घरी जायचं. बापाला मनातल्या मनात तेवढंच दाखवायचं होतं.

मग निवेदकाचा आवाज आला. “लाटेचा जनक, बास्तियान मान्सिया! आणि त्याच्यासोबत, आपल्या रस्त्यांवरची एक अनामिक ज्योत!”

अनामिक. ओतिलिया रंगमंचावर आली ती हा शब्द डोक्यात घेऊन. समोरून बास्तियान आला. संगीत हळू झालं. त्याने सुरेख लवून आपले न पेटवलेले टेंभे तिच्यापुढे धरले.

“आग दे, मावशी.”

“नाही.”

तो हसला, त्याला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नाही. त्याने टेंभे आणखी पुढे केले. तिने आपला टेंभा मागे घेतला.

“मावशी, लोक बघताहेत,” तो दातांतून म्हणाला.

“बघू देत ना. बघायलाच आलेत.”

खालच्या लोकांना वाटलं, हा खेळाचाच भाग आहे. वरच्यांना मात्र कळलं. आधी एकाने पाय आपटला, मग दुसऱ्याने, आणि बघता बघता अख्खी गॅलरी पाय आपटू लागली. पडद्याआडून एक पोरगेला कामगार वाकून धावत आला आणि त्याने बास्तियानपुढे लायटर धरला. लायटर काय, कुठेही मिळतो. पण बास्तियानने तो घेतला नाही. तो वर गॅलरीकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

ओतिलियाने आपले उरलेले दोन टेंभे आपल्याच आगीवर पेटवले.

संगीतवाल्याने गोंधळून संगीत बंद केलं. ती रंगमंचाच्या मध्यात आली आणि तिने पहिला टेंभा टाकला. तो चुकला. म्हणजे पडला नाही, पण भलतीकडे गेला. तिला कळेना असं का. मग कळलं: इथे वारा नव्हता. एवढी वर्षं ती समुद्राच्या वाऱ्याला गृहीत धरून फेकत आली होती आणि इथे ज्वाळा मेणबत्तीच्या असतात तशा सरळ उभ्या राहत होत्या. दुसरा टेंभा तिने दांड्याऐवजी जवळजवळ ज्वाळेवर पकडला. तळहात भाजला. खाली कोणीतरी ‘हाय’ केलं. एक क्षण तिला बापाचं ते वाक्य ऐकू आलं, वाकडी फेक चालणार नाही.

“चालेल,” ती मोठ्याने म्हणाली आणि गुडघा नेहमीपेक्षा जास्त वाकवला.

डावा टेंभा कोपराखालून निसटला, ती त्याच्यामागे वाकली, तो मिळाला, खांदा वर आला. पुन्हा. पुन्हा. आता वारा नको होता. हवेत फक्त आगीचा फडफड आवाज होता आणि पायांखालच्या लाकडाचा. लाल कोटाच्या बाहीला पुऱ्यांच्या तेलाचा वास होता आणि ओतिलियाला इतका आनंद झाला होता की तिचे दात दिसत होते. हे तिचं होतं. हात जळला म्हणून असेल, दुसरं जमत नव्हतं म्हणून असेल, पण दुसऱ्या कोणाचा हात सर्कशीतल्या त्या संध्याकाळी जळला नव्हता.

वाकता वाकता तिला कडेला काहीतरी दिसलं. बास्तियान खाली बसला होता. रंगमंचाच्या कडेला, पाय खाली सोडून, न पेटवलेले टेंभे मांडीवर घेऊन. त्या हिवाळ्यात बसायचा तसा. पाळी नसलेला माणूस जसा बसतो तसा.

तिने तिन्ही टेंभे झेलले, अग्निशमन दलाच्या माणसाच्या हातातलं ओलं कांबळं न विचारता ओढून घेतलं, त्यात ते दाबले आणि आत गेली. टाळ्या झाल्या. फार नाही. खालच्यांना काय घडलं ते कळलंच नव्हतं.

आत आंतोनिया उभी होती. मफलर सुटला होता आणि गोड बोलणंही.

“हे ठरलं नव्हतं! तुम्हाला काही अंदाज आहे का तुम्ही काय केलंत? नाव काय तुमचं?”

ओतिलिया थांबली. आठवडाभरात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

“ओतिलिया कार्कामो,” ती म्हणाली. “नीट लिहून घ्या. पोस्टरवर नाही तर नाही, ज्यांना परत बोलवायचं नाही त्यांच्यात तरी राहू दे.”

मागे संगीत पुन्हा सुरू झालं. बास्तियान उठला होता, त्याने लायटरवर टेंभे पेटवले होते आणि लाट केली होती. छान केली असणार. सगळं नाट्यगृह उभं राहिल्याचा आवाज तिला मागच्या दारापर्यंत ऐकू आला. एलियाना नंतर म्हणाली, “बसला होता मात्र. मी या डोळ्यांनी पाहिलं.” ओतिलिया म्हणाली, “हो. बसला होता.” वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी बास्तियानचा मोठा फोटो आला. एलियानाने त्यात पुऱ्या बांधून दिल्या.

त्याच दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाऊस होताच. तांबडा दिवा लागला. ओतिलिया तळहाताला फडकं गुंडाळून रस्त्याच्या मध्यात गेली आणि तिने लंगडी केली, समुद्राचा वारा हिशेबात धरून. मग टोपी घेऊन गाड्यांमधून फिरली. एका गृहस्थाने काच खाली केली. बायको शेजारी बसली होती. दोघं खूश होती.

“काल नाट्यगृहात पाहिलं आम्ही हे,” तो नाणं टाकत म्हणाला. “ही बास्तियानची लाट ना? तुम्ही कुठे शिकलात?”

ओतिलियाने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या डोक्यावरून सिग्नलकडे पाहिलं.

“हिरवा झालाय साहेब,” ती म्हणाली. “चला.”

गाड्या निघाल्या. ती फूटपाथच्या कडेला आली, दोन टेंभे गोणपाटात विझवले आणि तिसरा एलियानाच्या गाडीच्या छत्रीखाली धरून उभी राहिली. कडेला कोणीच बसलेलं नव्हतं. तरी तिने तो पेटता ठेवला.